कळवळा उपजत की शिकलेला : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

दुसऱ्याचे दुःख पाहून जीव कळवळतो, ही वृत्ती माणूस जन्मतःच घेऊन येतो की घर, शाळा आणि धर्म मिळून ती त्याच्यात रुजवतात, या प्रश्नाचा विचार खानदेशाच्या वेशीवर फार पूर्वीच झालेला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत शिबी राजाची कथा रंगवलेली आहे. शरण आलेल्या कबुतराच्या बदल्यात स्वतःच्या अंगाचे मांस ससाण्याला तोलून देणारा तो हा राजा. ज्या बौद्ध परंपरेने ही चित्रे काढवून घेतली, तिने करुणेला मैत्री, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा (समभाव) यांच्या पंगतीत बसवले आणि या चारही वृत्ती सरावाने वाढवायच्या असतात असे सांगितले. पतंजलीच्या योगसूत्रांतही मन प्रसन्न राखण्याचा उपाय म्हणून हीच चार नावे येतात. चीनमध्ये इ. स. पू. चौथ्या शतकात मेंग्झी या तत्त्वज्ञाने मात्र उपजततेवर भर दिला. विहिरीत पडू पाहणारे मूल दिसले की कोणाचेही काळीज चरकते, असे त्याचे म्हणणे होते. पण हा केवळ कोंब आहे आणि त्याची निगा राखावी लागते, हेही त्याने सांगून ठेवले.

युरोपात डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७३९-४० मध्ये आणि ॲडम स्मिथने १७५९ मध्ये नीतीचा पाया देवाच्या आज्ञेऐवजी माणसाच्या या सहभावात शोधला. पुढे १८७१ मध्ये डार्विनने एक मोलाची भर घातली. त्याच्या मते सहानुभूतीचे मूळ कळपात राहणाऱ्या प्राण्यांच्या सामाजिक प्रवृत्तीत आहे. परंतु ती टोळीपुरती न राहता साऱ्या मानवजातीपर्यंत पोचायची, तर विचार आणि संस्कार लागतात. पुढच्या साऱ्या वादाची किल्ली मला या भेदात दिसते, कारण कळवळा येणे ही एक गोष्ट आहे आणि तो कोणाबद्दल येतो ही दुसरी.

पहिल्या गोष्टीचे पुरावे तान्ह्या मुलांत शोधले गेले. दुसऱ्या नवजात बाळाचे रडणे ऐकून बाळे रडू लागतात आणि तितक्याच मोठ्या कृत्रिम आवाजाने तेवढी रडत नाहीत, असे १९७१ मध्ये दिसून आले. दीड वर्षांची मुले अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू, कोणी न सांगता, उचलून देतात, हे २००६ मध्ये नोंदवले गेले. सहा महिन्यांची बाळे दुसऱ्याला मदत करणाऱ्या पात्राला पसंत करतात, हा २००७ चा निष्कर्ष तर फारच गाजला. मात्र अनेक प्रयोगशाळांनी एकत्र येऊन तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला, तेव्हा तशी पसंती आढळली नाही. २०१८ मध्ये ४६ हजारांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास झाला आणि समानुभूतीच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्याच्या सुमारे दहाव्या भागाचा संबंध जनुकांतील सर्वसाधारण भेदांशी जोडता आला. याचा अर्थ आपल्यातील कळवळ्याचा दहावा हिस्सा जन्मजात आहे असा नव्हे. हा आकडा केवळ फरकांविषयी बोलतो, आणि वर्तमानपत्री मथळ्यांत नेमकी हीच गोष्ट निसटते.

धर्माच्या बाबतीत संशोधनाची वाट अधिक खाचखळग्यांची ठरली. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत भाषणासाठी पाठवण्यात आले आणि वाटेत कण्हत बसलेला एक माणूस योजला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी त्याला मदत केली, तर खूप घाईत असलेल्यांपैकी अवघ्या १० टक्क्यांनी. काहींच्या भाषणाचा विषय जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधील कथा हाच होता, तरी त्याने फारसा फरक पडला नाही. धार्मिक घरांतील मुले कमी उदार असतात, असे सांगणारा २०१५ चा बहुचर्चित अभ्यास तर देशांच्या नोंदी हाताळताना झालेल्या चुकीमुळे २०१९ मध्ये मागे घ्यावा लागला. २०१६ मध्ये आठ समाजांतील ५९१ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्व काही जाणणारा आणि शिक्षा करणारा देव मानणारे लोक दूरच्या, अनोळखी माणसाशीही अधिक न्यायाने वागतात, असे त्यात दिसले. तो अनोळखी माणूस स्वधर्मीय होता, हे मात्र विसरता येत नाही.

धर्म माया वाढवतो आणि तिला कुंपणही घालतो, हे खानदेशात नव्याने सांगावे लागत नाही. श्रावणात कानबाई ही देवी घरोघरी बसते तेव्हा नोकरीधंद्यासाठी सुरत-मुंबईला गेलेले भाऊबंद गावी परततात, वर्षाचे अबोले सुटतात. आणि तरीही तिच्या प्रसादाचे रोट अनेक घरांत भाऊबंदकीच्या बाहेर दिले जात नाहीत.

हे कुंपण ओलांडण्याचा धर्माच्याच आधाराने झालेला एक मोठा प्रयत्न याच मातीतून उभा राहिला. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबा कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. सर्वांचे सुखदुःख स्वतःच्या सुखदुःखासारखे पाहणारा योगी श्रेष्ठ, हे त्यातल्याच सहाव्या अध्यायाचे सांगणे आहे. गुरुजींनी त्याआधी, १९२४ ते १९३० या काळात, अमळनेरच्या शाळेत शिकवताना आजारी मुलांची शुश्रूषा स्वतः करून हेच मुलांपुढे ठेवले होते. उपदेशाने न होणारे काम मोठ्यांचे वागणे पाहून होते, यावर माझा विश्वास त्यांच्या या वर्षांमुळे अधिक दृढ होतो. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू केले. त्यांना विरोध करणारेही विठ्ठलाचे भक्तच होते आणि रंजल्यागांजल्यांना आपले म्हणणारे अभंग दोन्ही बाजूंना तोंडपाठ होते. १० मे रोजी मंदिर सर्वांसाठी खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले.