वादळाने भरकटलेल्या समुद्री पक्ष्यांच्या नोंदींची पडताळणी

चक्रीवादळ किंवा पावसाळी वाऱ्याच्या जोराने खोल समुद्रावरचे पक्षी किनाऱ्यावर, क्वचित घाट ओलांडून धरणांच्या पाण्यावर येतात. अशी नोंद तपासताना पक्षी कोणता, आणि तो त्याच दिवशी तिथेच दिसला का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. ओळख अचूक असूनही दुसऱ्या प्रश्नावर नोंद बाद होऊ शकते, कारण जुने फोटो प्रत्येक वादळात नव्याने फिरतात.

म्हणून आधी मूळ फाइल मागवावी, न कापलेली आणि मागच्यापुढच्या फोटोंसह. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत वेळेची व ठिकाणाची माहिती उरत नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असल्यास त्याच कॅमेऱ्याने मोबाइलवरील वेळेचा फोटो काढून घ्यावा; फरक लगेच कळतो.

मग वारा. आपल्याकडे चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे किनाऱ्यावर धडकणाऱ्या वादळाच्या मार्गाच्या उजवीकडे वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस धडकलेल्या ‘निसर्ग’च्या वेळी ही बाजू दक्षिणेकडची होती. मात्र दिशा जुळत नाही एवढ्यावरून नोंद फेटाळू नये. थकलेला पक्षी दोन-तीन दिवसांनीही सापडतो.

सर्वाधिक घोळ सूटी टर्न आणि ब्रायडल्ड टर्न या दोन सुरयांत (सुरय म्हणजे टर्न, पाण्यावर उडणारे पक्षी) होतो. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर वीण करणारा ब्रायडल्ड कोकणाला नवा नाही. त्याच्या कपाळावरचा पांढरा पट्टा अरुंद होत डोळ्याच्या मागे जातो. सूटीचा पांढरा भाग रुंद असून डोळ्यापाशीच थांबतो. पाठीच्या रंगावर भिस्त ठेवू नये: उजळ ढगांसमोर करडी-तपकिरी पाठही काळी येते. फोटो घेताना कॅमेऱ्याचे एक्स्पोजर (फोटोतील उजेडाचे प्रमाण) एक ते दीड स्टॉप, म्हणजे तेवढ्या पायऱ्या, वाढवावे. सूटीचे पिल्लू जवळजवळ सगळेच काळपट असते, म्हणून त्याला नॉडी हा गडद रंगाचा दुसरा समुद्री पक्षी समजतात. पाठीवरचे पांढरे ठिपके आणि दुभंगलेली शेपटी पाहावी. जलाशयावरचा नदी सुरय मात्र पिवळ्या चोचीवरून झटकन वगळता येतो.

जमिनीवर पडलेला पक्षी हातमोजे घालून हवेशीर खोक्यात ठेवावा, पाणी वा मासा तोंडात कोंबू नये, वनविभागाला कळवावे. हलवण्यापूर्वी चोच, पाय आणि पंखाची खालची बाजू मोजपट्टीसह टिपावी. कपाळ आणि डोळ्यामागचा भाग फोटोत स्पष्ट दिसतच नसेल, तर नोंद ‘सूटी किंवा ब्रायडल्ड टर्न’ अशीच ठेवावी.