पांढरं दिसलं की फवारणी?

तासगावच्या द्राक्षबागायतदाराला पानावर काही पांढरं दिसलं, तर तो आधी पान उलटून बघतो, बोट फिरवतो आणि मगच पंपाकडे वळतो. सांगलीच्या बाल्कन्यांत सक्युलंट, म्हणजे जाड, रसाळ पानांची झाडं मांडणारे आम्ही नेमकं उलटं करतो. मी इचेव्हेरिया या सक्युलंटच्या पानांवरची भुकटी भुरी, म्हणजे पांढऱ्या पुडीसारखी दिसणारी बुरशी समजून ओल्या फडक्यानं पुसून काढली. ती भुरी नव्हतीच. ते झाडानं स्वतःच तयार केलेलं मेण होतं, कडक उन्हापासून आणि पाणी उडून जाण्यापासून पानाला जपणारं. पुसलेल्या पानावर ते पुन्हा नीट धरत नाही. माझ्या बोटांचे ठसे ती पानं गळेपर्यंत राहिले.

मेणाचा थर पानभर सारखा असतो. भुरी ठिपक्याठिपक्यांनी सुरू होते आणि पसरते. खालची त्वचा पुढे तपकिरी, खरबरीत होते. या बुरशीला पानावर पाणी साचावं लागत नाही, दमट आणि कोंडलेली हवा पुरते. म्हणून पहिला उपाय म्हणजे कुंड्या सुट्या मांडणं.

तिसरं पांढरं म्हणजे पानांच्या बेचक्यातले कापसासारखे पुंजके. हा पिठ्या ढेकूण, बागायतदारांचा मिलीबग. द्राक्षवेलीवर तो सुट्या सालीखाली दडतो, म्हणून बागेत साल खरवडून काढतात. सक्युलंटवर दडायला त्याला बेचकी आणि मुळं पुरतात. तो झाडाचा रस ओढतो, जादा साखर चिकट थेंबांतून बाहेर टाकतो. त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते आणि मुंग्या येतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की मी आधी बेचक्या तपासतो. मुंग्या या गोडासाठी त्याची चक्क राखण करतात!

कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक ढेकूण टिपायचा. स्पिरिटनं त्याच्या अंगावरचं मेण विरघळतं. झाडाचंही विरघळतं, म्हणून सगळ्या पानांवर ते शिंपडू नये. एकदा टिपून भागत नाही, कारण त्याच्या कापसासारख्या पुंजक्यात अंडी असतात. आठवड्याच्या अंतरानं तीनचार वेळा तरी बघावं. कुंडीतून काढल्यावर मुळांवर पांढरा कापूस दिसला, तर सगळी माती टाकून मुळं धुवायची. एक गंमत: मिलीबग खाण्यासाठी बागेत सोडतात त्या क्रिप्टोलेमस भुंग्याची अळी हुबेहूब मिलीबगसारखीच दिसते. घाईत शत्रूऐवजी मित्र चिरडला जातो.

याच किड्याच्या भाऊबंदानं माणसाचं कामही केलंय. लाल रंग देणारा कोचिनील किडा समजून 1795 साली भारतात भलताच किडा आला. रंग फारसा मिळाला नाही, पण त्यानं रानोमाळ माजलेल्या एका परदेशी निवडुंगाचा फडशा पाडला. तणावर किडा सोडून यश मिळाल्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण मानतात. बाल्कनीतल्या निवडुंगावर त्याचं असं कौतुक वाटणार नाही, हा भाग वेगळा.

मात्र माझी सर्वाधिक झाडं किडीनं नाही, कृष्णाकाठच्या काळ्या मातीनं मारली. ती पाणी धरते, फुगते, मुळांना हवा मिळू देत नाही. अशा चिखलात पिथियम आणि फायटोप्थोरा हे मुळं कुजवणारे सूक्ष्मजीव वाढतात. दिसायला बुरशी, पण खरं तर हे वेगळ्याच कुळातले, द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगाच्या जीवाचे नातलग. त्यांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. म्हणजे झाड मलूल दिसलं म्हणून आपण घातलेलं तांब्याभर पाणी त्यांचा रस्ताच होतो. मलूल झाडाची माती आधी चाचपावी. ओली असेल आणि खोड खालून मऊ, काळपट लागत असेल, तर ती तहान नव्हे, मूळकूज.

अशा वेळी औषध उशिराचं. खोड वरच्या बाजूला कापत जायचं, छेदात तपकिरी ठिपका उरणार नाही तोवर. मग शेंडा सावलीत आठवडाभर कोरडा ठेवून जखम सुकू द्यायची, आणि जाड वाळू व बारीक खडी मिसळलेल्या मातीत लावायचा. प्रत्येक कापाआधी चाकू स्पिरिटनं पुसायचा; नाहीतर सडका भाग आपणच हातानं वर नेतो.