शिडाच्या छोट्या नौका : शर्यत व स्वैर विहार

साधारणतः ५ मी. लांबीपर्यंतच्या, इंजिन नसलेल्या आणि एकदोघांनी हाकायच्या शिडाच्या नौकांना डिंगी म्हणतात. त्यांचा वापर दोन तऱ्हांनी होतो. ठरल्या वेळी सुटून, पाण्यात तरंगणाऱ्या बोयांना वळसे घालून इतरांच्या आधी अंतिम रेषा ओलांडणे ही शर्यत. तर वारा आणि हाती असलेला वेळ पाहून निघणे, वाटेत एखाद्या काठाला लागणे, डबा खाऊन अंधाराच्या आत परतणे हा स्वैर विहार होय. वल्ह्यांच्या शर्यती हा निराळा क्रीडाप्रकार असून तो येथे विचारात घेतलेला नाही. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरले ते त्या प्रकारात.

इतिहास : शर्यत व विहार या दोहोंतील आधीचे कोणते, याविषयी एकवाक्यता नाही. बहुतेक इंग्रजी इतिहास ऑक्टोबर १६६१ पासून सुरुवात करतात. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि त्याचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क यांनी टेम्स नदीत ग्रिनिच ते ग्रेव्हझेंड व परत अशी १०० पौंडांची पैज लावली होती. जॉन इव्हलिन याच्या रोजनिशीतील नोंदीनुसार जाताना वारा उलटा असल्याने राजा हरला आणि परतताना त्याने पैज भरून काढली. मात्र राजाला अशी एक नौका त्याआधीच, १६६० मध्ये, डचांकडून भेट म्हणून मिळाली होती. अशा नौका नेदरलँड्समध्ये श्रीमंतांच्या फेरफटक्यासाठी सर्रास वापरल्या जात. ही बाब लक्षात घेतली, तर शर्यत ही विहाराच्या साधनावर मागाहून बसवलेली पैज ठरते.

क्लबांच्या इतिहासातही हाच पेच आहे. आयर्लंडमधील कॉर्क वॉटर क्लबची स्थापना १७२० ची धरतात व त्याला जगातील सर्वांत जुना क्लब म्हणतात. रशियात पीटर द ग्रेटने नेव्हा नदीवर उभारलेल्या ताफ्याचे वर्ष १७१८ सांगितले जाते. रशियन ताफा राजाज्ञेने निघालेला होता, त्यामुळे सभासदांनी स्वखुशीने चालवलेला क्लब या अर्थी कॉर्कचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. पण कॉर्कचे सभासद शर्यती लावत नसत. अ‍ॅडमिरल म्हणून निवडलेल्या सभासदाच्या निशाणांबरहुकूम सारा ताफा आरमारासारखा रांगेने जाई, आणि क्लबच्या जुन्या नियमांत मेजवानीत किती पदार्थ आणि किती वाइन असावी यावरही कलमे आहेत. क्लबांनी भरवलेल्या शर्यतींचा ठळक आरंभ १७७५ मध्ये टेम्सवर ड्यूक ऑफ कंबरलँड याच्या चषकाने झाला, असे सामान्यतः मानतात.

छोट्या नौकेतून एकट्याने लांब जाण्याची प्रथा बरीच अलीकडची आहे. जॉन मॅकग्रेगर याने १८६७ मध्ये ‘रॉब रॉय’ या लहान नौकेतून इंग्लिश खाडी ओलांडली. १८८० मध्ये लंडनला रॉयल क्रूझिंग क्लब स्थापन झाला. दोन्ही प्रवाह एकाच नौकेत एकत्र आल्याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्रज नौकारचनाकार उफा फॉक्सच्या ‘अ‍ॅव्हेंजर’चे आहे. १९२८ च्या हंगामात १४ फुटी वर्गातील या नौकेने ५७ शर्यतींपैकी ५२ जिंकल्या, आणि त्याच उघड्या नौकेतून फॉक्स आपल्या साथीदारांसह समुद्र ओलांडून फ्रान्समधील ल हाव्र येथे शर्यतीला जाऊन आला.

नौकांचे वर्ग : दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात न सुटणारा सरस व प्लायवूड, आणि पुढे फायबरग्लास, यांमुळे डिंगी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मुलांसाठीची ऑप्टिमिस्ट (१९४७, क्लार्क मिल्स) अवघी २.३ मी. लांब असते. लेझर ही एकट्याने हाकायची नौका ब्रूस कर्बी याने आखली व ती १९७१ मध्ये बाजारात आली, लांबी ४.२३ मी., शीड सुमारे ७ चौ. मी. ती १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये असून आता आयएलसीए (आंतरराष्ट्रीय लेझर वर्ग संघटनेची इंग्रजी आद्याक्षरे) या नावाने ओळखली जाते. विहारासाठी वेफेअरर (१९५७, इयन प्रॉक्टर) अधिक नावाजली. ४.८२ मी. लांबीच्या या उघड्या नौकेतून फ्रँक डाय यांनी १९६३ मध्ये स्कॉटलंडहून आइसलँड गाठले. तिच्या शर्यतीही होतात. अमुक नौका शर्यतीची आणि तमुक विहाराची असा जो भेद विक्रेते करतात, तो बहुतांशी शिडाचा आकार, सामान ठेवण्याची जागा आणि उलटल्यावर नौका किती लवकर सावरता येते एवढ्यापुरताच खरा असतो.

वेग व वारा : पाणी कापत जाणारी नौका स्वतःच लाट निर्माण करते व त्या लाटेच्या लांबीत अडकते. तिचा कमाल वेग नॉटमध्ये काढायचा, तर पाण्याच्या पातळीवरील लांबीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला साधारण २.४३ ने गुणावे. लेझरची ही लांबी सुमारे ३.८ मी. म्हणून वेग पावणेपाच नॉट, म्हणजे ताशी ९ किमी.च्या आतबाहेर येतो. पुरेसा वारा मिळून नौका हलकी व सपाट राहिली, तर ती स्वतःच्या लाटेवर चढून घसरू लागते आणि ही मर्यादा गळून पडते. त्यासाठी हाकणारा पाय पट्ट्याखाली अडकवून अंग काठाबाहेर झोकून देतो. पोटाचे व मांड्यांचे स्नायू मिनिटाभरात भरून येतात. विहाराला निघालेला अशा वेळी शिडाची दोरी थोडी सैल सोडतो आणि वाऱ्याला जाऊ देतो. दोघांतला व्यवहारातला फरक बराचसा या एका दोरीवर दिसतो.

वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. दोन्ही बाजूंना सुमारे ४५ अंशांचा टापू टाळून नागमोडी चढावे लागते, म्हणून शर्यतीत पहिला बोया नेहमी वारा येतो त्या बाजूला ठेवतात. कौशल्याची पारख तिथेच होते.

शर्यतीचे नियम : वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संघटना दर चार वर्षांनी नियम सुधारून काढते. सुरुवात स्थिर उभे राहून होत नाही. पाच मिनिटे आधी इशाऱ्याचे निशाण चढते, चार मिनिटे आधी तयारीचे. ते एक मिनिट राहिले असता उतरते, आणि शून्याला रेषा खुली होते. तोवर सगळ्या नौका रेषेमागे घिरट्या घालत, शीड फडफडत ठेवून वेळ काढतात. आधी ओलांडणाऱ्याला मागे फिरून पुन्हा निघावे लागते. उजवीकडून वारा घेणाऱ्या नौकेला डावीकडून वारा घेणाऱ्या नौकेने वाट द्यावी, आणि एकाच बाजूने वारा घेणाऱ्यांत वाऱ्याकडच्या नौकेने बाजूला व्हावे, हे दोन नियम शर्यतीतले म्हणून शिकवले जातात. वास्तविक १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांच्या बाराव्या कलमातही ते आहेत, म्हणजे विहार करणाऱ्यालाही लागू आहेत. शर्यतीतली आणि विहारातली नौका समोरासमोर आल्यास हेच सर्वसाधारण नियम चालतात. शर्यत चालू आहे म्हणून कोणालाही हक्क मिळत नाही.

भिन्न वर्गांच्या नौका एकत्र धावतात तेव्हा पोर्ट्‌समथ यार्डस्टिक ही ब्रिटिश पद्धत वापरतात. प्रत्यक्ष वेळेला १००० ने गुणून नौकेच्या वर्गाला ठरवून दिलेल्या अंकाने भागतात. लेझरचा अंक ११०० च्या आसपास, ऑप्टिमिस्टचा १६०० च्या वर असतो. अंक अनुक्रमे ११०० व १६०० धरल्यास ५५ मिनिटांत आलेली लेझर व ८० मिनिटांत आलेली ऑप्टिमिस्ट दोघींची सुधारित वेळ ५० मिनिटे, म्हणजे बरोबरी.

भारतात : रॉयल बॉम्बे यॉट क्लब (१८४६), पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब (१८६८) आणि नैनिताल यॉट क्लब (१९१०) या ब्रिटिश काळातील संस्था. स्वातंत्र्यानंतर हा खेळ मुख्यतः सैन्यदलांनी जोपासला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना पीकॉक बे येथे शिडाच्या नौका शिकवतात. १९८२ च्या आशियाई स्पर्धांत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांनी हाकायच्या डिंगीच्या वर्गात सुवर्णपदक मिळवले. भोपाळच्या तलावावर घडलेल्या नेहा ठाकूरने हांगझो येथील आशियाई स्पर्धांत २०२३ मध्ये रौप्य जिंकले. समुद्राविना खेळाडू घडत नाही या समजुतीला हे चांगले उत्तर आहे. विहाराच्या टोकाला दिलीप दोंदे यांची ‘म्हादेई’तून एकट्याने केलेली पृथ्वीप्रदक्षिणा (२००९-१०) येते, पण ती नौका छोटी नव्हे.

नाशिक : शिडाची परंपरा कोकणकिनाऱ्याची. नाशिकजवळची गोदावरी खडकाळ व बराच काळ उथळ असल्याने येथे हा विषय धरणांपासून सुरू होतो. शहराच्या पश्चिमेस मातीचे गंगापूर धरण १९६५ च्या सुमारास पुरे झाले. ५,६३० दशलक्ष घनफूट ही त्याची क्षमता नाशिककरांना पावसाळ्यातील रोजच्या बातम्यांमुळे पाठ असते. काठावर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे. तेथील ओढा मुख्यतः इंजिनाच्या नौकांकडे. नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय गाळाने उथळ झालेला असून ते पक्षी अभयारण्य व २०१९ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, तेव्हा तो या खेळासाठी मोजता येत नाही.

गंगापूरची खरी अडचण वेळापत्रकाची आहे. वारा जोमाचा असतो तो मेच्या दुपारी व त्यानंतर पावसाळ्यात, पश्चिमेकडून. मेमध्ये पाणी ओसरून चिखलाचे पट्टे व बुडालेले बांध उघडे पडलेले असतात. पावसाळ्यात पूर व विसर्ग. जलाशय काठोकाठ आणि आकाश स्वच्छ असते तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारीत, वारा बहुधा मंद व दिशा बदलणारा. हा काळ छोट्या फेऱ्यांच्या शर्यतींना बरा: बोये जवळजवळ ठेवता येतात, वाऱ्याची प्रत्येक झुळूक हेरावी लागते आणि शिकणाऱ्याचे हात तयार होतात. लांबच्या विहाराला मात्र हा जलाशय अपुरा पडतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीमुळे हवा मुंबईपेक्षा पाचसहा टक्के विरळ असते व तेवढाच रेटा मिळायला वारा ३ टक्क्यांनी जास्त लागतो; आकडा खरा असला, तरी सरावलेल्यालाही तो जाणवण्याजोगा नाही.

विहार करणाऱ्याने आधी वाऱ्याच्या तोंडाकडे चढावे आणि थकल्यावर वाऱ्याबरोबर परतावे, हा सर्वत्र पाळला जाणारा दंडक गंगापूरला विशेष महत्त्वाचा ठरतो. धरणाची भिंत जलाशयाच्या पूर्वेला आहे; पश्चिमेच्या वाऱ्यात सुकाणू निकामी झालेली नौका भिंतीच्या दगडी अस्तराकडेच वाहत जाते.