बंदिस्त वन्य खुरधारी प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांचे नियंत्रण

प्राणिसंग्रहालयात किंवा प्रजनन केंद्रात संवर्धनासाठी ठेवलेल्या काळवीट, चिंकारा, चौशिंगा, बाराशिंगा, सांगाई, गवा यांसारख्या खुरधारी वन्य प्राण्यांच्या कळपात रोग शिरू न देणे, शिरलाच तर लवकर ओळखणे आणि तिथेच अडवणे, असे या कामाचे स्वरूप आहे. गाईला ताप आला की तिला बांधून तपासता येते. काळविटाचे तसे नाही. ते आजार शेवटपर्यंत लपवते आणि त्याला धरायला गेले, तर धरण्यानेच दगावू शकते. म्हणून या कामात सुईपेक्षा दार, चारा, लेंड्या आणि शवविच्छेदन यांवर अधिक भिस्त ठेवावी लागते.

रोगांचे स्रोत

बहुतेक रोग आसपासच्या पाळीव जनावरांकडून येतात. लाळ्या खुरकूताचा विषाणू चाऱ्यातून, गाडीच्या चाकांवरून आणि राखणदाराच्या बुटांवरूनही आत येतो. बुळकांडी ही गुरांची साथ 2011 साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. पण तिच्याच कुळातला, शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हा रोग अजून अनेक देशांत आहे. 2016-17 मध्ये मंगोलियात त्याने सैगा कुरंग हजारोंनी मारले. 2022 मध्ये गुजरातभर गाईगुरांत लम्पी त्वचा रोग पसरला, तेव्हा रस्त्यावर मोकळी गुरे फिरणाऱ्या बडोद्यासारख्या शहरात कुंपणालगतची जागा रिकामी ठेवणे किती आवश्यक आहे हे स्पष्ट झाले. दोन कुंपणांमध्ये काही मीटरचे अंतर नसेल, तर बाहेरची गाय आणि आतले हरीण नाकाला नाक लावतात.

मेंढीचा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. मेंढीच्या अंगी एक नागीणवर्गीय विषाणू असतो. त्याने तिला काहीच होत नाही; पण हरणांना आणि गव्याला तो झाला, तर तीव्र ताप, डोळ्यांवर सारा, नाकातोंडात व्रण आणि बहुधा मृत्यू ओढवतो. त्यावर हमखास औषध नाही, वापरात असलेली लसही नाही. त्यामुळे लहान मुलांना हात लावता यावा म्हणून हरणांच्या शेजारी मेंढ्यांचा कोपरा करणे ही सरळसरळ चूक आहे.

काही जंतू प्राण्याच्या घशातच वस्तीला असतात आणि हवामान बदलले की उलटतात. 2015 मध्ये कझाकस्तानात काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सैगा मेले, ते पाश्चुरेला जंतूमुळे. त्या आधीचे दिवस नेहमीपेक्षा दमट आणि उबदार होते. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर येणारा घटसर्प याच जंतूचा. सयाजीबागेतील (कमाटीबागेतील) प्राणिसंग्रहालय 1879 पासून विश्वामित्रीच्या काठी आहे, आणि 2019 व 2024 च्या पावसाळ्यात या नदीचे पाणी शहरात शिरले. अशा नदीकाठच्या जागी पूर ओसरल्यावरचे काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. चिखलाने खुरांत सड होते, उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा हा जंतू पाण्यात उतरतो आणि जमिनीत दडलेले काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) बीजाणू वर येऊ शकतात. भिजलेला कडबा वाळवून पुन्हा घालू नये, टाकूनच द्यावा. बुरशी लागलेला चारा वरून कोरडा दिसतो. चिखलाच्या जागी मुरूम टाकून पाण्याला वाट काढून द्यावी आणि चारा जमिनीवर न टाकता गव्हाणीत घालावा.

विलगीकरण

नवा प्राणी कळपात सोडण्यापूर्वी किमान 30 दिवस वेगळा ठेवतात. यात नेहमी फसते ते दिवसांच्या हिशेबात. विसाव्या दिवशी त्याच आवारात दुसरा प्राणी आणला, तर पहिल्याचेही दिवस पुन्हा शून्यापासून मोजावे लागतात. विलगीकरणाचा राखणदार वेगळा असावा. माणसे कमी असतील तर त्याने मुख्य कळपाचे काम आधी उरकावे, विलगीकरणात शेवटी जावे आणि तिथून कळपाकडे परतू नये. फावडे, घमेले, गमबूट तिथलेच. त्या आवाराचे सांडपाणी दुसऱ्या आवारातून वाहत नाही ना, हे पावसात उभे राहून पाहावे. नकाशावर उतार नीट दिसत नाही.

या काळात दर दहा-बारा दिवसांनी लेंड्या तपासून जंतांची अंडी मोजतात. प्राणी प्रवासासाठी बेशुद्ध केलेलाच असेल, तर त्याच वेळी रक्त घेऊन ठेवावे. लाळ्या खुरकूताची अशी चाचणी मागावी, जी लसीमुळे आलेली प्रतिपिंडे आणि खऱ्या संसर्गाने आलेली प्रतिपिंडे वेगळी दाखवते. बरे झालेले रवंथ करणारे जनावर घशात हा विषाणू महिनोन्महिने बाळगू शकते.

दार आणि चारा

चाऱ्याचा टेम्पो आत घेऊ नये. लसूणघास, म्हणजे बडोद्याच्या बाजारातला रजको, कुंपणाबाहेर उतरवून आतल्या हातगाडीत घ्यावा. तो कोणत्या शेतातून येतो, त्या शेतात गुरे चरतात का, त्याला गटाराचे पाणी देतात का, हे पुरवठादाराला विचारून लिहून ठेवावे.

दारातले पाय बुडवण्याचे टाके बहुतेक ठिकाणी नावापुरते असते. शेण लागलेला बूट औषधात बुडवला तर औषध शेणावरच खर्ची पडते. म्हणून आधी पाणी आणि ब्रश, मग टाके. लाळ्या खुरकूताचा विषाणू आम्ल आणि तीव्र अल्क या दोन्हींत मरतो, त्यामुळे सोडियम कार्बोनेटचे 4 टक्के द्रावण पुरते. निर्जल सोडा असेल तर लिटरला 40 ग्रॅम; धुण्याचा खडेदार सोडा असेल तर साधारण 100 ग्रॅम, कारण खड्याच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच असते. द्रावण रोज बदलावे आणि टाक्यावर छप्पर असावे, नाहीतर पहिल्याच सरीत ते पातळ होते. क्षयाच्या किंवा काळपुळीच्या जंतूंवर मात्र या सोड्याचा भरवसा धरू नये.

रोजची पाहणी

सकाळी चारा घालण्याआधी कालचा किती उरला ते पाहावे. कोण कळपापासून दूर उभे आहे, कोणाचे कान पडले आहेत, कोण पाय झटकते आहे, कोणाच्या तोंडातून लाळेची तार लोंबते आहे, कोणाच्या लेंड्या मऊ पडून एकमेकींना चिकटल्या आहेत, हे ज्याला रोजच्या नजरेने कळते तो राखणदार कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचा. त्याची वरचेवर बदली करणे कळपाला महागात पडते. भटके कुत्रे आत शिरून चावले, तर जखम साबणाने धुऊन रेबीजची लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी द्यावी लागते. पाच वेळा हरीण धरण्यापेक्षा कुंपणाखालची भोके बुजवणे कितीतरी सोपे.

लस आणि पकड

लाळ्या खुरकूताची लस मृत विषाणूची असते. भारतात ती ओ, ए आणि आशिया-1 या तीन प्रकारांविरुद्ध देतात आणि तिचा प्रभाव साधारण सहा महिने टिकतो. जिवंत विषाणूच्या लसी पाळीव जनावरांसाठी बनवलेल्या असतात. वन्य जातीत त्या निर्धोक आहेत असे गृहीत धरू नये, गाभण माद्यांत तर नाहीच. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसला राहिली नाही, तर दिलेली आणि न दिलेली सारखीच. कळपातल्या प्रत्येकाला टोचण्यापेक्षा आसपासच्या गुराढोरांचे लसीकरण नियमित होत आहे का, याचा पाठपुरावा अनेकदा अधिक फळ देतो.

पकडायचेच असेल तर हिवाळ्यातली पहाट निवडावी. बडोद्यात उत्तरायणाचे दिवस मात्र टाळावेत. पतंगांचा आणि भोंग्यांचा गलका असताना कळप आधीच बिथरलेला असतो. भुलीखाली प्राणी छातीवर बसता ठेवावा, मान उंच आणि तोंड खाली. आडवा पडू दिला तर पोट फुगते आणि वर आलेले अन्न श्वासनलिकेत जाते. डोळ्यांवर पट्टी, दर पाच मिनिटांनी तापमानाची नोंद आणि 41 अंशांच्या वर गेले की लगेच पाणी ओतणे. उतारा सिरिंजमध्ये आधीच भरलेला असावा. पळवून दमवलेल्या प्राण्याचे स्नायू झिजतात, लघवी गडद तपकिरी होते आणि तो काही तासांनी किंवा काही दिवसांनीही मरतो.

क्षय

बंदिस्त कळपाला सर्वांत चिवट त्रास क्षयाचा. तो गुरांकडून येतो तसा माणसाकडूनही येतो, म्हणून राखणदारांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, आणि बाधित निघालेल्याची नोकरी जाणार नाही हे त्याला आधीच सांगावे. ते सांगितले नाही तर खोकला लपवला जातो.

त्वचेच्या चाचणीत मानेवरचे केस काढून दोन ठिकाणी 0.1 मिलिलिटर द्रव्य कातडीत टोचतात, एक गुरांच्या आणि एक पक्ष्यांच्या क्षयजंतूचे. 72 तासांनी कॅलिपरने दोन्हीकडची जाडी मोजून फरक पाहतात. याचा अर्थ तीन दिवसांत दोनदा पकड. शिवाय रोग फार बळावलेला प्राणी चाचणीला दादच देत नाही आणि तोच सर्वाधिक जंतू सांडत असतो. एकदा सगळे निर्दोष निघाले म्हणून सुटकेचा श्वास टाकू नये. हरणांत पुन्हा चाचणी करायची तर किमान 90 दिवस थांबावे लागते. औषधोपचार महिनोन्महिने चालतो, प्रत्येकाच्या पोटात पूर्ण मात्रा गेली याची खात्री देता येत नाही, आणि त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. म्हणून कळपावर तो करू नये. बाधितांना वेगळे काढणे हाच मार्ग उरतो. थोड्याच प्राण्यांवर उभ्या असलेल्या जातीत हा निर्णय जड जातो. त्यासाठीच कळप दोन-तीन गावी विभागून ठेवणे आणि वीर्य व पेशी हैदराबादच्या लॅकोन्स या लुप्तप्राय प्राण्यांसाठीच्या प्रयोगशाळेसारख्या संस्थेत जपून ठेवणे या गोष्टी रोग येण्याआधी कराव्या लागतात.

मृत्यूनंतर

मेलेला प्रत्येक प्राणी तपासावा, म्हातारपणाने गेलेलासुद्धा. अचानक मेलेल्या, नाकातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त आलेल्या शवाला मात्र सुरी लावू नये. कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन मिथिलीन ब्लूने रंगवावा. चौकोनी टोकांचे निळे दंडाणू आणि त्यांभोवती गुलाबी आवरण दिसले तर ती काळपुळी. शव उघडले की हवा लागून बीजाणू बनतात आणि ते मातीत दशकानुदशके टिकतात. असे शव जाळावे. पुरणे भागच पडले तर किमान सहा फूट खोल पुरावे, पण वर चुना टाकू नये; त्यातले कॅल्शियम बीजाणूंना टिकून राहायला मदत करते असे मानले जाते.

इतर शवे लगेच उघडता आली नाहीत तर 4 अंशांवर ठेवावीत, गोठवू नयेत. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात. ऊतींचे तुकडे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नसावेत आणि त्यांच्या दहापट 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडवावेत. जंतू वाढवून पाहण्यासाठीचे नमुने फॉर्मॅलिनच्या वाफेपासूनही दूर, बर्फावर वेगळे पाठवतात. साधे नमुने जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात, बडोद्याहून आणंदला, तपासून मिळतात. अतिधोकादायक किंवा परदेशी रोगाची शंका आली, तर ते पशुसंवर्धन खात्यामार्फत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात.