कोरगुट : वर्णन, मोजमाप व बीजपेढीतील जतन

गोव्याच्या खाजन जमिनीत पावसाळ्यात होणारे, खारेपणा सोसणारे पारंपरिक भात. वनस्पतिशास्त्रात ते ओरायझा सटायव्हा या लागवडीच्या भातातच मोडते. लेखनात कोरगुट, कोरगूट, कोर्गुट अशी रूपे आढळतात. उकडे तांदूळ आणि पेज यांसाठी हे भात गोव्यात सर्वपरिचित आहे. या नोंदीचा विषय त्याच्या गुणांचे वर्णन व मोजमाप आणि त्यावर उभे असलेले बियाण्याचे जतन हा आहे.

कोरगुट हा शुद्ध वाण नव्हे. उंच काड, कुसळ असलेला दाणा, पिकल्यावर लोळण्याची व दाणे झडण्याची खोड आणि बेताचे उत्पादन एवढी खूण सामान्यपणे सांगितली जाते. पण एकाच शेतात लांब कुसळाची, आखूड कुसळाची आणि थोडी पुढेमागे पिकणारी रोपे मिसळलेली असू शकतात. काळो कोरगुट असे पोटभेदही शेतकरी मानतात. आसगो, दामगो, मुणो, खोचरो ही त्याच जमिनीतली भावंडे. नाव शेतकऱ्याचे आणि नमुना बीजपेढीचा, या दोहोंची सांगड घालताना पहिली अडचण इथेच येते : एका नावाखाली अनेक समूह असतात, आणि एकच समूह दोन गावांत दोन नावांनी नांदू शकतो.

गोव्यातली भातजमीन परंपरेने मरड (उंचावरची), खेर (मधली) आणि खाजन (सखल, खाडीकाठची) अशी विभागली जाते. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, मानशीच्या (बांधातल्या झडपेच्या) दारांनी ते आत-बाहेर सोडायचे आणि आतल्या पोयींतून (चरांतून) निचरा करायचा, ही खाजनाची रचना. अशा जमिनीचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर सांगितले जाते. त्यातले सगळे आज लागवडीखाली नाही.

खाजनाच्या प्राचीनतेविषयी मतभेद आहेत. भूशास्त्रीय अनुमानांच्या आधारे काही अभ्यासक ती साडेतीन-चार हजार वर्षांपर्यंत मागे नेतात. लेखी आधार त्यामानाने बराच अलीकडचा आहे. बांदिवडे येथे मिळालेल्या, कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो. तो साधारणतः इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकातला धरतात. पोर्तुगीज अमदानीत आफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये लिहवून घेतलेल्या ‘फोराल’मध्ये (सनदेत) गावकरीचे, म्हणजे गावाच्या सामाईक जमीनव्यवस्थेचे, रिवाज नोंदले गेले, तेव्हा ही व्यवस्था जुनी आणि मुरलेली होती. ताम्रपटाची मर्यादा धरून चालणे अधिक सुरक्षित. शिवाय जमीन जुनी ठरली म्हणून तीत आजचेच कोरगुट पिकत होते असे निघत नाही. दानपत्रे जमिनीची मापे देतात, बियाण्याची नावे देत नाहीत.

हे भात इथेच निवडीने घडले की किनाऱ्याकिनाऱ्याने आले, हाही वादाचा मुद्दा आहे. पश्चिम किनाऱ्यावर खाऱ्या जमिनीच्या भातांची एक माळच दिसते : केरळात पोक्काळी, उत्तर कन्नडात अघनाशिनीच्या मुखाशी कग्गा, महाराष्ट्राच्या खार जमिनीत राता (काळा राता १-२४, भुरा राता ४-१० या त्यातल्या निवडी). उंच काड आणि जाड दाणा ही लक्षणे या भातांत पुन्हा पुन्हा भेटतात. त्यावरून सगळ्यांचे मूळ एक मानण्याचा मोह होतो. परंतु सारख्या जमिनीत सारखी निवड झाली तरी लक्षणे सारखी होतात, हे लक्षात घेता बाह्य साम्यावर वंशावळ उभी करणे धोक्याचे आहे.

वर्णक : बीजपेढीत नमुन्याचा जो गुण ठरावीक पद्धतीने पाहून किंवा मोजून नोंदवतात त्याला वर्णक म्हणतात. भातासाठी आंतरराष्ट्रीय वर्णकसूची १९८० मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००७ मध्ये रानटी भातांना सामावून घेत ती सुधारली गेली. भारतात २००१ च्या वनस्पतिवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य तपासण्यासाठी भाताच्या ६२ गुणांची यादी वापरतात. दोन्ही याद्यांचा हेतू एक नाही. पहिलीला नमुने ओळखायचे असतात, दुसरीला हक्क ठरवायचा असतो. कोरगुटासारख्या मिश्र समूहाला ‘एकसारखेपणा’ची कसोटी मुळातच गैरसोयीची आहे.

दिसणारे गुण नोंदवणे सोपे वाटते, ते तसे नाही. उंची जमिनीपासून लोंबीच्या टोकापर्यंत मोजतात, कुसळ सोडून. काडाची लांबी लोंबीच्या बुडापर्यंत. पानाची लांबी-रुंदी टोकाच्या ध्वजपानाची घेत नाहीत, त्याखालच्या पानाची घेतात. फुलोऱ्याची तारीख म्हणजे निम्म्या रोपांच्या लोंब्या बाहेर आल्याचा दिवस. तुसाचा रंग पक्व अवस्थेत पाहायचा, पण गोव्यात पाऊस लांबला तर भिजलेल्या तुसाचा रंग उतरतो आणि पिवळे व तपकिरी यांतला भेद हरवतो; म्हणून रंगपट्टी आणि पाहणीची तारीख दोन्ही हवीत. नावातला ‘काळो’ तुसाला लागू की सोललेल्या दाण्याला, हे वेगळे लिहिले नाही तर नोंद पुढच्या माणसाला निरुपयोगी ठरते. भाताच्या दाण्याचा तांबडेपणा सालीत असतो आणि तो सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकाशी निगडित आहे. बहुतेक पांढऱ्या तांदळांत त्या जनुकातला डीएनएच्या १४ आधारांचा (घटकांचा) तुकडा गळालेला असतो. तुसाच्या रंगाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

सोललेल्या दाण्याची लांबी ५.५ मिलिमीटरपर्यंत असल्यास आखूड, ६.६ पर्यंत मध्यम, ७.५ पर्यंत लांब आणि त्यापुढे अतिलांब मानतात. आकार लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावरून ठरतो : ३ हून अधिक असल्यास बारीक, २ किंवा कमी असल्यास जाड. हजार दाण्यांचे वजन देताना ओलावा सांगितलाच पाहिजे. १८ टक्के ओलाव्याला २५ ग्रॅम भरलेले दाणे १२ टक्क्यांवर सुमारे २३.३ ग्रॅमच भरतात. सुकवल्याशिवाय घेतलेल्या अशा वजनांची तुलना करून ‘वेगळे वाण’ ठरवणे म्हणजे पावसाचे वजन करणे होय.

खारेपणा : ज्या गुणासाठी कोरगुट जतन करायचे तो नजरेला दिसत नाही, ही या वर्णनाची खरी गोची आहे. सुगंधी झुडपांतही असेच आढळते. दक्षिण फ्रान्समधल्या थाइमची रोपे बाहेरून सारखी दिसूनही त्यांच्या तेलाचे किमान सहा रासायनिक प्रकार आहेत, कुठे थायमॉल तर कुठे लिनालूल. नुसते पान मोजून ते कळत नाहीत. भाताचे खारेपण सोसणेही रसायनाच्या बाजूचे आहे : मुळातून किती सोडियम आत येतो, पोटॅशियमच्या मानाने तो पानात किती साठतो, आणि रोप तो जुन्या पानांत अडवते का. पोक्काळीतला या संदर्भातला ठळक जनुकीय भाग पहिल्या गुणसूत्रावर सापडला. कोरगुटाकडे तोच मार्ग आहे असे गृहीत धरू नये.

मोजण्याची रूढ पद्धत रोपावस्थेची आहे. मोड आलेले बी तरंगत्या जाळीवर ठेवून पोषक द्रावणात वाढवतात, द्रावणाची विद्युतवाहकता (मिठाचे माप) टप्प्याने १२ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत चढवतात, सामू (पीएच) ५ च्या आसपास राखतात आणि पानांची अवस्था पाहून १ ते ९ असे गुण देतात. १ म्हणजे वाढ जवळपास नेहमीसारखी, ५ म्हणजे वाढ खुंटलेली व बहुतेक पाने गुंडाळलेली, ९ म्हणजे जवळजवळ सगळी रोपे मेलेली. सोबत पोक्काळी (सोसणारे) आणि आयआर २९ (न सोसणारे) यांची रोपे तुलनेसाठी हवीत, नाहीतर नुसत्या आकड्याला अर्थ नाही. संदर्भासाठी : भाताचे उत्पादन जमिनीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वाहकता याच एककात सुमारे ३ च्या वर गेली की घटू लागते आणि पुढे दर एककाला अंदाजे १२ टक्के घटते असे मानतात.

या चाचणीवर अतिविश्वास ठेवू नये. भात अंकुरताना आणि फुटवे धरताना बऱ्यापैकी टिकते; रोपावस्था आणि फुलोरा या त्याच्या हळव्या वेळा, आणि एका वेळचे टिकणे दुसऱ्या वेळची हमी देत नाही. खाजनात मृगाच्या सरींनी मीठ धुऊन निघेपर्यंत पेरणी थांबते, जुलै-ऑगस्टमध्ये खारेपणा सर्वांत कमी असतो आणि पाऊस लवकर आटोपला तर फुलोऱ्यानंतर तो पुन्हा वर येतो. जमीन सारखीही नसते : मानशीजवळचा कोपरा आणि बांधापासून दूरचा कोपरा यांत मोठा फरक पडतो. त्यात खाजनाची माती बहुधा आम्लधर्मी असते. पिवळी पडलेली सगळी रोपे मिठाने पिवळी पडली असे नव्हे. द्रावणातले गुण आणि शेतातले निरीक्षण दोन्ही नोंदवावे, आणि शेतातल्या नोंदीत वाहकता कोणत्या तारखेला, कुठल्या कोपऱ्यात मोजली तेही लिहावे.

नमुना व साठवण : भात मुख्यतः स्वपरागी आहे, परपरागण सहसा एक टक्क्याच्या आत. त्यामुळे एका रोपात समूहातले थोडेच भेद सापडतात, म्हणून शेतभर फिरून पुष्कळ रोपांच्या लोंब्या घेणे महत्त्वाचे. समूहात पाच टक्क्यांहून अधिक प्रमाणात असलेला जनुकभेद ९५ टक्के खात्रीने हाती यावा यासाठी अशा पिकात साठेक रोपे पुरतात. एका शेतकऱ्याच्या कणगीतले मूठभर बी ही अट पाळत नाही. शेतकऱ्याचे गाव, जमिनीचा प्रकार, बियाणे कुठून आणले ही माहिती नमुन्यासोबत जाते. ती नसेल तर पुढची मोजमापे कितीही नेटकी असली तरी अर्धीच.

भाताचे बी सुकवले आणि थंड ठेवले की दीर्घकाळ जगते. १५ अंशांच्या आसपास, कमी आर्द्रतेत सुकवून हवाबंद पाकिटात उणे १८ अंश सेल्सियसला ठेवणे हा प्रघात. ओलावा एक टक्का किंवा तापमान पाच अंश उतरले की आयुष्य दुप्पट होते हा हॅरिंग्टनचा नियम अंदाजापुरता ठीक आहे. उगवण सुरुवातीच्या उगवणीच्या ८५ टक्क्यांखाली घसरली की बियाणे पुन्हा शेतात वाढवतात. ताज्या बियांत सुप्तावस्था असू शकते. ती मोडण्यासाठी ५० अंशांची कोरडी ऊब पाचेक दिवस देतात, नाहीतर जिवंत बी मेलेले म्हणून नोंदले जाते. राष्ट्रीय जनुककोश नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोत आहे. गोव्यात या भातांवरचे काम एला, जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत होते. तिथे कोरगुटातून निवडलेली के. एस. १२ आणि के. एस. १७ ही वाणे अनुक्रमे गोवा धान १ व गोवा धान २ या नावांनी प्रसारित झाली.

मिश्र नमुन्याचे काय करावे यावर एकवाक्यता नाही. कुसळाच्या आणि बिनकुसळाच्या लोंब्या वेगळ्या करून दोन नमुने केले तर वर्णन स्वच्छ होते. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ योहानसेनने १९०३ मध्ये मांडलेल्या शुद्ध वंशाच्या (एकाच स्वपरागी रोपाच्या संततीच्या) कल्पनेला ते धरून आहे आणि पैदासकाराला तेच सोयीचे. मात्र खाजनातल्या वर्षावर्षाच्या चढउतारात समूहाचे मिश्रणच त्याला तारत असावे, म्हणून मूळ मिश्रण एका पाकिटात अखंड ठेवून विभागलेले नमुने त्याच्या जोडीला ठेवणे श्रेयस्कर. पुनरुत्पादनासाठी मिश्रण साध्या जमिनीत वाढवले तर खारेपणा सोसणाऱ्या रोपांचे प्रमाण बिनबोभाट घटू शकते, आणि तुसाचा रंग वा कुसळ यांच्या नोंदीत त्याचा मागही लागत नाही.

शेतात होणारे जतन बांधांवर अवलंबून आहे. १९६४ च्या कूळकायद्यानंतर बांधांची देखभाल गावकरीकडून कुळांच्या संघटनांकडे गेली. बांध फुटून पडीक राहिलेल्या खाजनात कांदळवन उगवते.