फडांचे दप्तर : पार्श्वभूमी

धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम व आरम या नद्यांच्या खोऱ्यांतील फडबागायत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटपाण्यावर जमिनीचे मोठे पट्टे (फड) पाडून सामायिक ठरावाने केलेली बागायत, तीन-चारशे वर्षांची मानली जाते. तिच्या कागदपत्रांच्या जतनाचा प्रश्न मात्र इंग्रजी अमलातील एका वर्गवारीपासून सुरू होतो.

१८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याला १९१४ मध्ये एक भाग जोडण्यात आला आणि ‘दुसऱ्या वर्गाची कामे’ ही संज्ञा दप्तरात आली. नावावरून कमी प्रतीची कामे असा समज होतो. वास्तविक वहिवाटीने चालणाऱ्या बंधारे-पाटांसारख्या कामांवरील पाण्याचे हक्क व दुरुस्तीची जबाबदारी लेखी नोंदवावी, असा त्यामागील हेतू होता. वाद आहे तो या नोंदीच्या अर्थाविषयी. हक्क नोंदवायचा तर तो जमिनीच्या तुकड्याला चिकटवावा लागतो; बागायतीचा निर्णय मात्र आख्ख्या फडाचा असतो. एका थळात, म्हणजे एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या क्षेत्रात, बहुधा तीन-चार फड, प्रत्येकात त्या हंगामापुरते एकच पीक, यंदा ज्या फडात ऊस तो पुढे दुसऱ्यात, आणि ज्याची जमीन सगळ्या फडांत विखुरलेली त्याच्या वाट्याला प्रत्येक पिकातले थोडेथोडे. ही व्यवस्था सर्व्हे नंबरांच्या रकान्यांत उतरवताना नेमकी फेरपालटच गळून पडते. हक्कनोंदीलाच फडाचा इतिहास समजणारे अभ्यासक म्हणूनच फसतात. ती फार तर त्या इतिहासाचा एका वर्षापुरता छेद आहे.

फेरपालटीचा मागोवा लागतो तो फडाचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या वह्यांत : पाटकरी, जागल्या व हवालदार या पाणीवाटप व राखण करणाऱ्यांचा मोबदला, पाट उकरण्याचा खर्च, कोणत्या फडात काय पेरायचे याचा ठराव. या वह्या कचेरीत जमा न होता घरांत राहिल्या, आणि मोडी शाळेतून गेल्यावर जुनी पाने घरच्यांनाही परकी झाली.

पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी व विजेचे पंप आले, १९७६ चा पाटबंधारे कायदा आला. मात्र वहीचे व्यावहारिक मोल खऱ्या अर्थाने घटवले ते शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने, असे म्हणावे लागते. त्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना पाणी घनमापनाने (आकारमान मोजून) देण्याचे ठरवले; त्या हिशेबाला जुन्या पाळीची नोंद लागत नाही.

आता जतनाच्या कामात अडचण येते ती मांडणीची. महसुली दप्तर गाववार लावलेले असते आणि थळ गावची शीव पाळतेच असे नाही. त्यामुळे एकाच बंधाऱ्याचे कागद दोन गावांच्या बस्त्यांत (कागदांच्या गाठोड्यांत) विभागले जातात.