लेप दिला म्हणून गोळी वेगाने सुटत नाही

“मॉलीचा लेप द्या, तेवढ्याच बंदुकीच्या दारूत गोळी जास्त वेगाने जाईल.” स्वतः काडतुसं भरणाऱ्या शिकाऱ्यांमध्ये ही समजूत 1990च्या दशकापासून फिरते आहे. प्रत्यक्षात घडतं उलटंच.

मॉली म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. त्याची पूड चढवलेली गोळी नुसती हातात घेतली, तरी पेन्सिलचं शिसं चोळल्यासारखी बोटं करडी होतात. घर्षण त्याने खरंच कमी होतं, आणि गैरसमज इथेच सुरू होतो. बंदुकीची दारू दाबाखाली जळते; दाब जितका जास्त, तितकी ती भराभर जळते. गोळी नळीच्या आट्यांत (आतल्या पीळदार खाचांत) सहज शिरली, तर मागे दाब कमी साठतो, दारू मंद जळते आणि वेग सहसा थोडा घटतो. गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावा, आकडाच सांगेल.

मग वेग वाढल्याचे अनुभव? तिथे कमी पडलेला दाब भरून काढायला दारू वाढवलेली असते. मला काळजी वाटते ती याचीच. तीच वाढीव दारू उद्या बिनलेपाच्या गोळीमागे भरली, तर दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. लेपाच्या गोळीचं प्रमाण साध्या गोळीला कधीही लावू नका. गोळी बदलली की त्या गोळीला किती दारू भरायची ते सांगणाऱ्या तक्त्यातल्या सुरुवातीच्या प्रमाणापासूनच पुन्हा चढत जा.

लेपाचा उपयोग वेगळा आहे: नळीत तांबं कमी चिकटावं. शुद्ध तांब्याच्या गोळ्यांना तो त्रास जास्त, म्हणूनच बार्न्स या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या एक्सएलसी गोळीवर निळा लेप असे.